दोन्ही पंखांवर

ज्या खेळात एकट्याच्याने काहीच साधत नाही, त्या खेळातून एखाद्याला वगळण्यासाठी त्याला हाकलून द्यावे लागत नाही. नुसता आपला हात आखडता घेतला की पुरे होते. असे करणाऱ्याच्या मुखातून अपशब्द निघत नाही, त्याच्या हातून कोणास इजा होत नाही, आणि सायंकाळी देवापुढे दिवा लावताना त्याचे मन त्याला टोचीतही नाही. म्हणूनच हा अधर्म इतर अधर्मांहून चिवट असतो. त्याला विरोध करू इच्छिणाऱ्यापाशीही मग एकच साधन उरते: जेथे उभे आहोत तेथून न हलणे.

हे मी कोपरखैरण्याच्या मैदानावर, आमच्या खाडीकाठ ग्लायडर क्लबात, प्रत्यक्ष पाहिले.

आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी सरोजिनी त्या नव्या वसाहतीत राहावयास आलो. सेक्टर तेव्हा अर्धेमुर्धे उभे होते. बोनकोडे गावाच्या पुढे, खाडीच्या दिशेने, भराव घालून सपाट केलेली विस्तीर्ण भूमी मोकळी पडली होती. एका सकाळी फिरता फिरता मी तेथे पोहोचलो, तो काही प्रौढ माणसे कागदी पंखांची विमाने आकाशात सोडीत होती. यंत्र नाही, घरघर नाही. एवढी मोठी वस्तू इतक्या मौनाने आकाशात राहू शकते, याचे मला जे आश्चर्य वाटले ते अद्याप ओसरलेले नाही. मी उभा राहून पाहत होतो, तेव्हा त्यांतील एक जण म्हणाला, "आजोबा, उंच आहात. जरा हे धरता का?" मी धरले. पलीकडे दोरी घेऊन तो धावला, आणि ते विमान माझ्या बोटांतून निसटून वर गेले. त्या क्षणापासून मी क्लबचा झालो, आणि 'आजोबा' जाऊन माझा 'गुरुजी' झाला.

त्या विमानाची रचना साधी असते. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, त्यावर झिरझिरीत कागद, आणि कागद ताठ राहावा म्हणून चढविलेला लेप. त्या लेपाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. पंख धडाला रबरांनी बांधलेले असतात, म्हणजे आपटले तरी ते सुटून पडतात, मोडत नाहीत. पोटाखाली एक आकडा असतो. त्यात तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या, लांब दोरीची कडी अडकवायची. दोरीचे दुसरे टोक घेऊन मालकाने वाऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे, आणि इकडे दुसऱ्या कोणी विमान मस्तकावर उंच धरायचे. मालक धावला की विमान पतंगासारखे वर चढते. डोक्यावर आले की दोरी सैल पडते, कडी आपोआप सुटते, तिला बांधलेली तांबडी चिंधी गिरक्या घेत खाली येते, आणि विमान मुक्त होते. धरणारा नसेल तर मालकाने कितीही धावावे, विमान भुईवर फरफटत येते.

याच कारणाने आमच्यात पाळीची रीत होती. आल्याच्या क्रमाने विमाने गवतावर ओळीने मांडायची. ज्याचे विमान नुकतेच उतरले, त्याने पुढच्याचे धरायचे; दिवसाचे पहिले तेवढे ओळीतल्या शेवटच्याने. मित्राचे धरीन, इतराचे धरणार नाही, असे चालत नसे. ओळ मोडून कोणी उडवीत नसे. क्लबाची वर्गणी नव्हती, पावती नव्हती. पाळीत ज्याचे विमान एकदा उडाले, तो सभासद. इतकेच.

दुसरी रीत माझ्यामुळे पडली. माझे अक्षर बरे म्हणून नव्या विमानाच्या डाव्या पंखावर मालकाला हवे ते दोन शब्द मी रंगाने लिहून देत असे. नंदकिशोराने 'गजानन प्रसन्न' लिहवून घेतले होते. बोनकोड्याच्या सितारामाने 'एकवीरा आई' लिहविले. बाजीराव म्हणून एक पोलीस खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, त्यांच्या पंखावर 'जय महाराष्ट्र' होते. एका बँकेतल्या गृहस्थाने आपल्या कन्येचे 'वैदेही' हे नाव लिहवून घेतले. माझ्या विमानावर ॐकार आहे.

मैत्री नावाची तरुणी आमच्यात आली ती एक पावसाळा उलटल्यावर. ती वाशीच्या टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला होती आणि तुर्भ्याला आईवडिलांसह राहत होती. तिचे वडील रावसाहेब मराठवाड्यातून येऊन तुर्भ्याच्या एका कारखान्यात लागले होते. प्रथम ती नुसती पाहत असे. मग दूरवर चिखलात उतरलेली विमाने शोधून आणू लागली. मग स्वतःचे बांधू लागली. हे मी येथे मुद्दाम सांगतो की, तिला बाल्साची पहिली पट्टी दिली ती नंदकिशोराने, आणि पंखाची फळी तासावी कशी हेही त्यानेच शिकविले. नंदकिशोर आमचा चिटणीस, क्लबाचा संस्थापक, व्यवसायाने इंजिनिअर, आणि आम्हा सर्वांत कुशल उडविणारा. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर ही गोष्ट सोपी झाली असती.

त्या हिवाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वार्ता ताजी होती. एका शनिवारी दुपारी मैत्री आमच्या घरी आली. आईच्या जुन्या साडीच्या शिवलेल्या लांब पिशवीतून तिने पंख काढले आणि माझ्यापुढे ठेवले.

"काय लिहू?" मी विचारले.

"जय भीम," ती म्हणाली, आणि माझ्या मुखाकडे पाहत राहिली.

मी निळ्या रंगाचा डबा उघडला. आजवर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेचे जे नाव सांगितले ते मी लिहीत आलो होतो; हे लिहिताना हात थांबावा असे कारण मला दिसले नाही, आणि तो थांबला नाही. सरोजिनी चहा घेऊन आली. पंखाकडे पाहून म्हणाली, "अहो, 'भी' जरा बारीक झालाय. लांबून दिसायला नको का?"

"दिसायलाच हवा, काकू," मैत्री हसून म्हणाली. मी 'भी' ठळक केला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो नव्हतो; तिनेच नंतर सांगितले की, नंदकिशोराने ते विमान उचलले, न्याहाळले, आणि जागच्या जागी ठेवले.

"मॅडम, हे आज नाही उडवता येणार."

"का?"

"तोल बिघडतो. एका पंखावर एवढा रंग म्हणजे वजन आलं. डावीकडे कलंडेल. कोणाला तरी लागायचं."

मैत्री ओळीतल्या इतर विमानांकडे पाहू लागली. प्रत्येकाच्या डाव्या पंखावर माझ्या हातची अक्षरे होती. तिने पंख पिशवीत घातले, आणि मैदानावरून थेट आमच्या दारी आली.

"गुरुजी, वजन एका बाजूला पडतंय म्हणे. तर मग उजव्या पंखावरही लिहा. तितकंच. तोल बरोबर होईल."

सरोजिनीला इतके हसू आले की तिने तोंडाला पदर लावला. मी मात्र तो दुसरा लेख जितक्या एकाग्रतेने लिहिला, तितक्या एकाग्रतेने अन्य काही लिहिल्याचे मला स्मरत नाही. रेघेला रेघ, वेलांटीला वेलांटी मिळवून मी डाव्याचे वजन उजव्यावर उतरविले.

नंदकिशोराच्या कानी हे गेले. आठवड्याच्या मध्ये एका सायंकाळी तो आमच्या घरी आला. चप्पल काढून, मला वाकून नमस्कार करून बसला.

"गुरुजी, तुम्ही लिहिलंत म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल. थोडं थिनर लावलं की निघून जातं, कागदाला काही होत नाही."

"कशासाठी काढायचे?"

"मार्चमध्ये आपला जाहीर कार्यक्रम आहे. लोक येतील, फोटो निघतील. क्लबात राजकारण नको, एवढंच माझं म्हणणं. मला तिच्याबद्दल काही नाही हो. वाटल्यास तिचं नाव लिहा पंखावर. चांगलं नाव आहे."

"माझ्या पंखावरचा ॐकार निघतो का थिनरने?"

"ते वेगळं, गुरुजी."

स्वयंपाकघरातून सरोजिनी म्हणाली, "वेगळं कसं हो? रंग एकाच डब्यातला आहे. मीच आणलाय वाशीहून."

नंदकिशोर ओशाळला, पण मागे सरला नाही. "काकू, मला टेन्शन नकोय. मी सगळ्यांशी बोललोय. रविवारी तिचं कोणी धरणार नाही."

"मी धरीन," मी म्हणालो.

"जरूर धरा. पण पाळी तुमची नसेल. पाळीबाहेर उडवलं तर ते आलेल्या पाहुण्यानं उडवल्यासारखं. सभासद नाही होत त्यानं. ही रीत तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

ते खरे होते. रीतीच्या आडून त्याने रीतच मोडावयास काढली होती, आणि आपण नियम पाळतो आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मी त्याला एवढेच म्हणालो, "नंदकिशोर, मी लिहिलेले मी पुसणार नाही, आणि पूस असे तिला सांगणारही नाही. तू चहा घेऊन जा."

त्याने चहा घेतला. सरोजिनीने त्याला आल्याची वडीही दिली. घरी आलेल्या माणसाशी भांडण वेगळे आणि आतिथ्य वेगळे, हे ती जाणते.

रविवार उजाडला. हिवाळ्यात पहाटेपासून पारसिकच्या डोंगराकडून मतलई वारा येतो, थंड आणि एकसारखा. तोच आमचा उडविण्याचा वारा. नंदकिशोर नेहमीप्रमाणे सर्वांत आधी आला होता, म्हणून ओळीत त्याचे विमान पहिले. दुसरे मैत्रीचे, कारण ती पहिल्या बसने आली होती. मग सितारामाचे, मग माझे, मग बाजीरावांचे, आणि मागे इतरांची.

नंदकिशोराने उडविले, सुरेख उडविले, आणि विमान जवळजवळ पायाशी उतरविले. आता पाळी मैत्रीची. तिने आपल्या विमानाला कडी अडकवली, ते गवतावर नीट ठेवले, आणि दोरी उलगडीत डोंगराच्या बाजूला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तेथे वळून उभी राहिली. एका हाताला दोरी, दुसरा हात वर: मी तयार आहे.

नंदकिशोराने तिकडे पाहिलेच नाही. आपले विमान उचलून तो ओळीच्या बाजूला लावलेल्या स्कूटरवर जाऊन बसला आणि पंखाची रबरे तपासू लागला.

"सिताराम, घे तुझं," तो म्हणाला.

सिताराम गवताची काडी चावीत उभा होता. हा बोनकोड्याचा जुना रहिवासी. त्याचा आवाज मूळचाच मोठा. "माजी पाली नाय. पोरीची हाय."

"ती उडवत नाहीये."

"उडवत नाय? उबी हाय ती तय, दोरी धरून. धरनारा बसलाय स्कूटरवर."

दोघे तिघे हसले. नंदकिशोर रागावला. "बुधवारी तू काय बोलला होतास? बघू म्हणालास ना?"

"तेच करतंय. बगतंय."

"सिताराम, मस्करी पुरे."

"मस्करी नाय, नंदूशेट." सितारामाने काडी टाकली. "ही जमीन माज्या आज्याची व्हती. भात व्हायचा हितं. सरकारनं घेतली तवा मना कोनी इचारला नाय. आता या मैदानावर कोनाचा नाव उडल आनि कोनाचा नाय, ते तू ठरवनार? माज्या पंखावर आय हाय, ती बी डाव्याच पंखावर हाय. माजा तोल कसा नाय बिगडला रं?"

आणि आपल्या विमानाशेजारी त्याने बैठक मारली.

मी त्याच्यामागे, माझ्या विमानापाशी, बसलो. माझे गुडघे आता भूमीवर बसण्यास सहज तयार होत नाहीत. त्यांना समजवावे लागले. बाजीराव अस्वस्थ झाले. "मला घरी जायचंय लवकर. मी उडवून घेतो," म्हणून त्यांनी विमान उचलले.

"उडवा की, हवालदार," सिताराम म्हणाला. "पन धरल कोन? जो उतरला तो धरल. उतरला कोन? नंदूशेट. आनि नंदूशेट उटला तर पयला त्या पोरीचाच धरल, नाय तर पाली मोडली. मग म्होरं कोनीबी कवाबी घुसल."

बाजीरावांनी क्षणभर विचार केला. पोलीस खात्यात आयुष्य गेलेल्या मनुष्यास रांग मोडणे सोसत नाही. त्यांनी विमान जागच्या जागी ठेवले आणि पुटपुटत खाली बसले. त्यांच्यामागचेही एकेक बसले. कोणी मैत्रीसाठी, कोणी रीतीसाठी, कोणी केवळ सगळे बसले म्हणून. बसण्याची कारणे कोणी कोणास विचारली नाहीत. ओळ मात्र अखंड राहिली.

वारा चांगला वाहत होता आणि आकाश रिकामे होते.

बऱ्याच वेळाने मी उठलो आणि मैदान ओलांडून मैत्रीकडे गेलो. ऊन चढले होते. दोरी धरलेला तिचा हात पांढुरका झाला होता, कारण तिने ती बोटांभोवती गुंडाळली होती.

"मुली, मी धरतो. उडवून घे. एकदा उडाले की लोकांची तोंडे बंद होतील."

"नको, गुरुजी."

"हट्ट?"

"हो, हट्टच." ती समोर, दूर पडलेल्या आपल्या विमानाकडे पाहत बोलत होती. "तुम्ही धरलंत तर तो तुमचा चांगुलपणा होईल. आज संध्याकाळी सगळे म्हणतील, गुरुजी किती मोठ्या मनाचे. मला चांगुलपणा नकोय, मला पाळी हवीय. माझी पाळी आहे. ज्यानं धरायचं तो समोर बसलाय."

 तिचे शब्द मला लागले, आणि ते लागावयासच हवे होते.

थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "आमच्या गावच्या घराच्या दारावर हीच अक्षरं होती. पप्पांनी कोळशानं लिहिलेली. पुसा म्हणून सांगायला माणसं आली होती. पप्पांनी पुसली नाहीत. मग घरच राहिलं नाही. मी लहान होते, मला आठवत नाही, आई सांगते. इथं तर नुसतं विमान आहे, गुरुजी. मी इथं नाही का उभं राहायचं?"

"राहायचे," मी म्हणालो. त्याहून अधिक म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

"पाणी मात्र द्या. घसा सुकलाय."

मी पाणी दिले आणि तेथेच, तिच्यापासून काही अंतरावर, थांबलो.

मग मतलई वारा पडला. हिवाळ्यात दिवस वर आला की असे होतेच. काही काळ गवताचे पाते हलत नाही, आणि मग खाडीकडून खारा वारा सुरू होतो. वाऱ्याची दिशा उलटली की मैदानाची टोकेही उलटतात. धावणाऱ्याने खाडीच्या बाजूला जायचे आणि विमानांची ओळ डोंगराच्या बाजूला आणायची, त्याच क्रमाने. खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक येताच सर्वांनी सवयीने आपापली विमाने उचलली आणि ओळीने मैदान ओलांडून आमच्या बाजूला आले. सितारामाने माझेही आणले. ज्याला दोरीची कडी लावलेली आहे ते विमान मात्र पाळीच्या धरणाऱ्यानेच आणायचे असते. त्याला कोणी हात लावला नाही. सिताराम तर त्याला वळसा घालून आला.

अशा रीतीने त्या टोकाला दोनच गोष्टी उरल्या. गवतावर ते विमान, आणि स्कूटरवर नंदकिशोर. त्याचे विमान त्याच्या मांडीवर होते. तो निघून जाऊ शकत होता. चावी फिरविली असती तर कोणी अडविले नसते. पण तो गेला नाही, याची नोंद मी आदराने करतो.

"गेला तर?" मी मैत्रीला हळूच विचारले.

"पुढच्या रविवारी येईन. परत उभी राहीन."

तोच खाऱ्या वाऱ्याचा मोठा झोत आला. धूळ उठली. बाजीरावांची टोपी उडाली. आम्ही सर्वांनी आपापल्या विमानांवर हात ठेवले. आणि पलीकडे, मोकळ्या भूमीवर, मैत्रीच्या विमानाचा एक पंख हळूच उचलला गेला. वाऱ्याने त्याखाली हात घातला होता. आणखी एक झोत, आणि ते उलटे होऊन दगडांवर आपटणार होते. ओल्या हिवाळी रात्री जागून बांधलेल्या त्या काड्यांचा चुरा होणार होता.  मैत्रीचा हात दोरीवर होता. तिने ती ओढलीही नाही, कारण ओढली असती तर विमान फरफटले असते.

नंदकिशोर धावला.

त्याने विचार केला असे मला वाटत नाही. आपले विमान त्याने मांडीवरून केव्हा ढकलले, स्कूटर केव्हा आडवी झाली, हे त्यालाही कळले नसावे. ज्याने वर्षानुवर्षे ही नाजूक वस्तू बांधली, सांभाळली, त्याचा देह उलटणाऱ्या पंखाकडे आपोआप झेपावतो. जशी आई दुसऱ्याचेही मूल पडताना पाहून हात पुढे करते. त्याने गुडघ्यांवर पडून तो पंख तळव्याने दाबला. त्याचा पंजा नेमका माझ्या निळ्या अक्षरांवर होता. मग दुसऱ्या हाताने त्याने धड धरले आणि तो उभा राहिला.

आणि उभा राहिल्यावर त्याच्या ध्यानी आले की आपण काय केले आहे.

अशा वाऱ्यात उचललेले विमान खाली ठेवता येत नाही. ठेवले की उलटते. एक तर ते धरून राहावे लागते, नाही तर उडवावे लागते. नंदकिशोर दोन्ही हातांत ते विमान घेऊन, एवढ्या लोकांसमोर, उघड्या मैदानावर उभा होता. कोणी हसले नाही. सितारामसुद्धा नाही.

मैत्री दोरी गोळा करीत चालू लागली. तिला खाडीच्या बाजूला जायचे होते, त्याला डोंगराच्या बाजूला यायचे होते. मैदानाच्या मध्यावर ती दोघे समोरासमोर आली. मी दोरीचा गुंता सोडविण्यासाठी मागोमाग गेलो होतो, म्हणून त्यांचे बोलणे मला ऐकू आले.

"कडी नीट बघा," मैत्री म्हणाली.

"बघितली."  विमान त्याने दोन बोटांवर तोलले, तीही सवयच. "नाक थोडं जड आहे. नाकातलं शिसं कमी करायला हवं होतं."

"पुढच्या वेळी करीन. आज असंच." आणि मग तिने डोळ्याला डोळा भिडवून विचारले, "तोल कसा आहे?"

नंदकिशोराने उजव्या पंखाकडे पाहिले. डाव्याकडे पाहिले.

"तोल बरोबर आहे," तो म्हणाला, आणि चालू लागला.

ती खाडीच्या टोकाला पोहोचली. तिने हात वर केला. नंदकिशोराने विमान मस्तकावर उंच धरले. ती धावली, इतक्या वेळ उभे राहून ताठरलेल्या पायांनी धावली, आणि विमान त्याच्या बोटांतून निसटले. ते चढत गेले. डोक्यावर आले, दोरी सैल पडली, तांबडी चिंधी गिरक्या घेत खाली आली. सूर्य त्याच्या वर होता. झिरझिरीत कागदातून दोन्ही पंखांवरची अक्षरे खाली भूमीवर उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना दिसली. बोनकोड्याच्या दिशेला वळून, फार वेळ न तरंगता (नाक खरोखरच जड होते), ते गवतात उतरले.

मैत्री तिकडे धावली नाही. ती धापा टाकीत ओळीकडे आली, कारण आता धरण्याची पाळी तिची होती.

"चला, सितारामदादा. घ्या दोरी."

"नीट धर हां, पोरी. आय हाय त्याच्यावर."

"आईला काही होऊ देणार नाही."

सिताराम दोरी घेऊन खाडीकडे निघाला, आणि जाता जाता कोणालाही उद्देशून नाही असे मोठ्याने म्हणाला, "झाला का नाय सगला येलेवर? फुकट ऊन खाल्ला."

नंदकिशोराने आपली आडवी पडलेली स्कूटर उभी केली. त्याच्या विमानाचे एक रबर तुटले होते.  मग आपले विमान घेऊन तो आला, आणि ओळीच्या शेवटी, सर्वांच्या मागे, त्याने ते गवतावर ठेवले. त्या दिवशी त्याची दुसरी पाळी आली तेव्हा त्याचे विमान कोणी धरले ते मला सांगता येणार नाही. तोवर मी घरी निघालो होतो, कारण सरोजिनी वाट पाहत होती आणि तिला हे सारे सविस्तर ऐकायचे होते.

तिने ऐकले, आणि फक्त इतकेच विचारले, "'भी' लांबून दिसत होता ना?"

दिसत होता.

जिने चांगुलपणा नाकारून आपली पाळी मागितली, तिला दीर्घ आयुष्य लाभो, आणि तिच्या विमानाचे नाक हलके होवो. ज्याने आपल्या आज्याच्या भूमीवर बसकण मारली, त्याच्या घरी धान्य न सरो. रांग न मोडणाऱ्या बाजीरावांना त्यांची टोपी सापडो. आणि ज्याचे मन अडले असता हात मात्र धावले, त्या नंदकिशोराचे कल्याण असो; त्याचे मनही यथाकाल त्या हातांमागोमाग येवो.